सात नंबरच्या वरची खोली

दुपारी दीडच्या सुमाराला लाइट गेली, खाली कारखान्यातले चोवीस लूम एकापाठोपाठ एक गप्प झाले, आणि अफीफाच्या पोटातलं पोरही गप्प झालं.

पहिली दोन-तीन मिनिटं तिच्या ते ध्यानातच आलं नाही. लूम थांबले की भिवंडीत माणसाला आधी बरंच वाटतं. गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी, शेजारच्या घरातली फोडणी, आपलाच श्वास, सगळं आपापल्या जागी ऐकू यायला लागतं. ती पलंगावर डाव्या कुशीला पडून हॉस्पिटलचा फॉर्म भरत होती. वर ठळक अक्षरात छापलेलं, 'माझी प्रसूती, माझ्या इच्छा'. खाली सोळा प्रश्न. मागच्या खेपेला सिस्टरनं तो हातात देताना म्हटलं होतं, घाई नको, घरी सगळ्यांशी बोलून भरा, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. इच्छा तिच्या, पण बोलायचं सगळ्यांशी. म्हणून तिनं पेन न घेता पेन्सिल घेतली होती. 'प्रसूतीच्या वेळी सोबत कोण?' इथं तिनं फहाद लिहून खोडलं होतं, अम्मी, म्हणजे सासू, लिहून खोडलं होतं, आता तिथं कागदाला भोक पडायची वेळ आली होती. 'बाळाला जन्मल्यावर आईच्या दुधाखेरीज काही द्यावयाचे आहे का?' या ओळीपुढचं 'नाही' तिनं फार बारीक अक्षरात लिहिलं होतं, कारण सासूनं खास मुरबाडहून मागवलेली मधाची बाटली कपाटात वरच्या फळीवर रुमालात बांधून ठेवलेली होती आणि घरातल्या प्रत्येक पोराच्या जिभेला मधाचं पहिलं बोट सासूच्याच हातानं लागलं होतं. 'आणीबाणीत निर्णय कोण घेईल? नाव व मोबाइल नंबर.' ही एकच ओळ तिनं न अडखळता भरली होती. फहाद. पुढे दहा आकडे. हे आकडे, तो काम करतो त्या वळ गावच्या गोदामात, शिफ्टभर गेटवरच्या कपाटात कुलूपबंद असतात, सुपरवायझर झाला तरी फोन आत नेता येत नाही, हे लिहिताना तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

फॉर्मच्या खाली दुसरा कागद होता. हालचालींचा तक्ता. रोज जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, पोर हललं की एक ठिपका द्यायचा, दहा झाले की सुटका. आज सात झाले होते. आठव्याची वाट बघत ती अकराव्या प्रश्नावर आली, आणि आठवा काही येईना. तिनं पेन्सिल खाली ठेवली. पोटावर हात ठेवला. थोडा दाबला. मग बोटांनी टकटक केली, दार वाजवावं तशी. दार कुणी उघडलं नाही. झोपलं असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि त्याच क्षणी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण पलंगसुद्धा हलत नव्हता. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी कधी नव्हे ते काचेसारखं स्थिर होतं. आणि सात ठिपके तिच्याकडे बघत होते.

तिच्या पलंगाच्या बरोबर खाली सात नंबरचा लूम होता. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिचं त्याच्याशी वैर. बाकीचे तेवीस एका लयीत खडखडायचे, त्यांचा आवाज पावसासारखा, आठ दिवसांत कान त्याला सरावतो. पण सात नंबर म्हातारा, त्याच्या पायाचा नट ढिला, सुताची तार तुटली की थांबायचा, आणि कारागिरानं तार जोडून पुन्हा चालू केला की पहिल्या दणक्याला वरच्या खोलीची लादी, पलंगाचा पाय, गादी, सगळ्यांना एक ठोसा बसायचा. पहिल्या रात्री ती दचकून उठून बसली होती आणि फहाद हसून म्हणाला होता, "सात नंबर आहे. ओळख करून घे, घरातलाच आहे." सासरे नूर मोहम्मद यांना कितीदा सांगितलं तो नट आवळून घ्या म्हणून, पण चाळीस वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाला मुळात ऐकूच कमी येतं, तो "हां हां" म्हणतो आणि खाली जाऊन भलतंच काहीतरी आवळून येतो. पुढे तिला सवय झाली. सवयीचं असं, की दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा ती गणेशपुरीच्या वाटेवरच्या माहेरच्या गावी महिनाभर राहिली, तर तिथं तिला झोप येईना. भाताची शेतं, रात्री बेडूक, आणि बाकी नुसती शांतता. ती शांतता तिच्या छातीवर बसायची. आई असती तर सातव्या महिन्यात ती तिकडेच गेली असती, रिवाजच आहे तो. आई असती तर त्या शांत खोलीत पडून तिनं काय मोजलं असतं, आणि किती मोजलं असतं?

हे कधी झालं? ती आठवू लागली. सहाव्या महिन्यात पोर नव्यानं उड्या मारायला लागलं तेव्हा तिच्याच लक्षात आलं होतं, की सात नंबर दणका देतो आणि आतून उत्तर येतं. तिला केवढी गंमत वाटली होती. फहादला तिनं हात ठेवायला लावून दाखवलं होतं, "बघ हं, आता कारागीर लूम चालू करील, बघ, बघ, आलं!" फहाद म्हणाला होता, पोर लूमवाल्याचंच आहे, शंकाच नको. खाली दणका, वर उत्तर. दणका, उत्तर. मग तक्ता आला, ठिपके आले. शाळेपासून तिची वही वर्गात सगळ्यांना दाखवण्यासारखी असायची. तक्तासुद्धा तिनं पट्टी धरून आखल्यासारखा भरला. दणका आला की ठिपका. उत्तर तर येतंच. येतंच म्हणून ते वेगळं मोजायचं तिनं कुठल्या दिवशी सोडलं? परवा? त्याच्या आधी? शनिवारचे दहा ठिपके, रविवारचे दहा ठिपके, आजचे सात, सगळे सारखे गोल, सारख्या अंतरावर. एवढी शहाणी, बीएस्सी झालेली सून, आणि तीन दिवस ती सात नंबरच्या तुटलेल्या तारा मोजत बसली होती.

शुक्रवार. शुक्रवार तिला धडधडीत आठवत होता. कारखान्याला सुट्टी, फहाद नमाजहून आलेला, जेवताना तिला अशी एक लाथ बसली होती की हातातला घास ताटात पडला आणि सासूसुद्धा हसली होती. म्हणजे शुक्रवारी दुपारी होतं. शुक्रवारी होतं, या विचारातला 'होतं' तिला ऐकू आला आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

तिनं उठून साखरेचं पाणी केलं, ते ती गटागटा प्याली आणि पुन्हा डाव्या कुशीवर पडली. घड्याळात दहा मिनिटं. काही नाही. उजव्या कुशीवर. पाच मिनिटं. एकदा तिला वाटलं, हललं. पण ती तिच्याच पोटातल्या पाण्याची गुडगुड होती. खालून नूर मोहम्मदांचा आवाज आला, वीज कंपनीच्या माणसाशी ते फोनवर भांडत होते, आणि भांडण एकतर्फी होतं कारण पलीकडचं त्यांना ऐकू येत नव्हतं. तिनं फहादला फोन लावला. वाजत राहिला. कपाटात, कुलपात, दोनशे फोनांच्या गर्दीत तो कुठंतरी थरथरत असेल. तिनं पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. तिला त्याचा राग आला, मग गोदामाचा, मग त्या दहा आकड्यांचा, जे तिनं इतक्या सुबक अक्षरात लिहिले होते.

हॉस्पिटलला जायचं, एवढंच. पण जायचं म्हणजे अम्मीला सांगायचं. महिन्यापूर्वी अशीच एकदा पोटात कळ आली म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं, सगळे रिक्षा करून कल्याण नाक्यावरच्या हॉस्पिटलात गेले, आणि डॉक्टर भावना मॅडमनी तपासून हसत सांगितलं, गॅस आहे. तेव्हापासून सासू खदीजा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमी वाऱ्याला दाखवायला नेलं व्हतं." बाई वाईट नव्हती. पण तिच्या बोलण्याला धार होती, आणि हॉस्पिटल या वस्तूवर तिचा विश्वास नव्हता. तिची स्वतःची तीन बाळंतपणं याच खोलीत झाली होती, सुईण बोलावून, आणि खाली लूम चालूच. फॉर्म बघून ती म्हणाली होती, "इच्छा कसल्या लिहितेस? पोर काय हॉटेलातून मागवायचंय? ते येतं तसं घ्यायचं असतं." तिला आता जाऊन काय सांगायचं? की मी ठिपके चुकीचे दिले? की मला कळलंच नाही? आई होणाऱ्या बाईला हे कळत नाही, हे शब्द कुठल्या तोंडानं बोलायचे? थांबावं का जरा? लाइट येईल, लूम चालू होतील, सात नंबर दणका देईल आणि पोर जागं होईल. या विचारानं तिला क्षणभर इतकं बरं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली, आणि ती उठून उभी राहिली.

खदीजा स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. अफीफा दारात उभी राहून म्हणाली, "अम्मी, पोर हलत नाही."

"झोपलं आसंल." खदीजानं वर न बघताच म्हटलं. "कळा हायत?"

"नाहीत."

"पाणी गेलं?"

"नाही."

"मग? आत्ता तर दहा-दहा ठिपके देत व्हतीस. जेवलीस, पडलीस, सुस्त झालं आसंल. परत वारा दाखवायला न्यायचा काय?"

"अम्मी," अफीफा म्हणाली, आणि ठिपक्यांचं तिनं गाळलं. ती नुसतीच म्हणाली, "लूम बंद झाले आणि ते पण बंद झालं."

खदीजाचे हात थांबले. तिनं मान वर केली. अफीफाला वाटलं होतं, आता धारदार काहीतरी येणार. तिनं त्यासाठी मन घट्टही केलं होतं. पण खदीजानं लसणाचं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसून ती उठली, जवळ आली, आणि दोन्ही तळवे सुनेच्या पोटावर ठेवून उभी राहिली. लसणाचा वास येत होता. तिचे डोळे भिंतीवर होते, पण भिंत ती बघत नव्हती. तिचा चेहरा अफीफानं पाच वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. त्यातला सगळा कडकपणा गळून जाऊन मागे एक घाबरलेली पोरगी उभी राहिली होती. मग तिनं हात काढले, खुंटीवरचा बुरखा ओढला आणि म्हणाली, "चल. फाईल घे."

रिक्षा कोपऱ्यावरच मिळाली, पण रस्ता मिळेना. गोदामांकडे निघालेले कंटेनर एकाला एक लागून उभे होते. रिक्षा खड्ड्यात उतरायची, वर चढायची, आणि दर खेपेला अफीफाच्या पोटात काहीतरी हलायचं. हललं! नाही, खड्डा होता. हललं! नाही, ब्रेक. तिचं शरीर आता कुठल्याही धक्क्याला पोर म्हणायला तयार झालं होतं. ज्या शरीरावर विसंबून नऊ महिने काढले ते असं सरळ सरळ खोटं बोलत होतं आणि तिला त्याचा संताप येत होता. फॉर्ममध्ये तिनं लिहिलं होतं, खोलीत मंद दिवा असावा. लिहिलं होतं, शक्य तितकं चालू-फिरू द्यावं. पहिली अंघोळ कोमट पाण्यानं. सोळा प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता की ते जिवंत असावं अशी तुमची इच्छा आहे का. ते कुणी विचारत नाही. ते धरूनच चाललेलं असतं. तिनं सासूकडे पाहिलं. खदीजा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती आणि मुठीत सुनेची ओढणी घट्ट धरून बसली होती.

हॉस्पिटलात मेघाली सिस्टरनं पट्टा बांधला, मशीन लावलं, गार जेल पोटावर फिरवलं. इकडे नाही. जरा खाली. इकडेही नाही. अफीफा छताकडे बघत होती. छतावर एक पंखा होता, त्याला तीन पाती होती. मग एकदम खोलीभर आवाज घुमला, धब् धब् धब् धब्, घाईघाईनं कुणीतरी जिना चढत असल्यासारखा. "हे बघा, आहेत ठोके," सिस्टर म्हणाली, आणि अफीफाला रडू फुटलं. ती हुंदके देऊन रडली, आणि कुणाला काय वाटेल याची तिला आयुष्यात पहिल्यांदा पर्वा नव्हती.

वीस मिनिटांनी भावना मॅडम आल्या. मशीनमधून निघालेली कागदाची पट्टी त्यांनी हातावर घेऊन पुढे-मागे पाहिली. "ठोके आहेत. पण रेघ जरा सपाट वाटते मला. पोर झोपेत असलं तरी अशी येते." मग सिस्टरकडे वळून म्हणाल्या, "हालचालींचा चार्ट?"

"एकदम छान आहे, मॅडम. रोजचे दहा. आजचेही सात आहेत."

"मग घाबरण्यासारखं नाही. दाखल करून घेऊ, संध्याकाळी पट्टी परत काढू. तोपर्यंत बघू." मॅडमनी पेन खिशाला लावलं.

किती सोपं होतं. ठोके होते. डॉक्टर स्वतः म्हणत होती घाबरू नका. खदीजा शेजारी उभी होती, सिस्टर होती, पलीकडच्या खाटेवरची बाई आणि तिची जाऊ कान देऊन ऐकत होत्या. गप्प बसलं की झालं. चार्ट छान आहे असं डॉक्टरच म्हणाली, आणि उद्या पोर झालं की ठिपके कुणाच्या लक्षात राहतात? अफीफाच्या जिभेवर 'हो मॅडम' आलंसुद्धा होतं. तिनं ते गिळलं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता.

"मॅडम, तो चार्ट खोटा आहे."

"म्हणजे?"

"आमच्या घराखाली लूम आहेत. माझ्या पलंगाखाली एक आहे, तो दणका देतो. मी ते दणके मोजलेत." तिला श्वास घ्यावा लागला. "पोर समजून. आज लाइट गेली तेव्हा मला कळलं."

सिस्टर हसल्यासारखी झाली आणि मॅडमकडे बघून थांबली. पलीकडच्या खाटेजवळची जाऊ मात्र हसली, हळूच, तोंडाला पदर लावून.

"खात्रीनं कधी हललं होतं शेवटचं?"

"शुक्रवारी. शुक्रवारी कारखाना बंद असतो."

"आज सोमवार," मॅडम म्हणाल्या. त्या पुन्हा पट्टीकडे वळल्या. "नक्की ना? कधीकधी भीतीनं असं वाटतं. कालपरवा एखादी तरी..."

"तिला नका विचारू परत." हे खदीजा बोलली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "पोरगी खरं सांगते, मॅडम. माझी पहिली अशीच गेली. फहादच्या आधीची. मी त्याच खोलीत व्हते, त्याच लूमच्या वर. सगळे विचारत, पोर हलतंय ना, मी सांगायची, हलतंय. त्या काळात शुक्रवारची सुट्टी नव्हती, ईदला कारखाना बंद झाला तवा कळलं की पोटात काय नाय. सुईण म्हणाली, लई दिवस झाले असतील. मी सगळ्यांना सांगितलं, काल रात्रीपर्यंत हलत व्हती. कसं सांगू, आईला पोर आणि लूम यातला फरक समजला नाय? चौतीस वर्षं झाली, हिच्या सासऱ्याला पण ठाऊक नाय. तुमी कागद नका बघू. हिचं ऐका."

पलीकडची जाऊ आता हसत नव्हती. भावना मॅडमनी पट्टी गुंडाळून फायलीत टाकली आणि सिस्टरला फक्त एवढंच म्हणाल्या, "भूलवाल्यांना फोन कर. आत्ता." मग अफीफाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऑपरेशन करावं लागेल. घरच्या कुणाला विचारायचंय?"

"नवऱ्याचा फोन लागत नाही."

"तुमची सही पुरते."

तिनं सही केली. पेननं.

त्यानंतरचं सगळं फार भराभर झालं आणि तरीही संपता संपेना. पाठीत सुई, पायांत मुंग्या, मग पाय नाहीतच. छातीपुढे हिरवं कापड बांधलं. कापडाच्या पलीकडे कुणीतरी तिला ओढत होतं, दाबत होतं, तिला तेवढं समजत होतं, पण दुखत नव्हतं, हलत नव्हतं, काहीच नव्हतं. शरीर काढून घेऊन फक्त कान ठेवले होते तिला. मॅडमचा आवाज आला, "पाणी हिरवं झालंय. बरं झालं थांबलो नाही." मग काहीतरी ओलं उचलल्याचा आवाज. मग पावलं. मग कुणी काही बोलेना. अफीफा वाट बघत राहिली. सगळ्या गोष्टींत पोर रडतं, इथं रडत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, मुलगी. कुणीतरी म्हणालं, अजून एकदा. मग कोपऱ्यातून मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक, चिडका आवाज आला आणि लगेच तो दाराबाहेर गेला. "काचेच्या पेटीत ठेवतोय थोडे दिवस," सिस्टर तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "काळजी नको." आजवर तिला हे वाक्य फार जणांनी सांगितलं होतं.

वॉर्डात आणलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. फहादला निरोप मिळाला होता, गेटवरच्या शिपायानं आत जाऊन सांगितलं होतं, तो वाटेत होता. अफीफाच्या ओठांना कोरड पडली होती आणि कमरेखाली अजून काही नव्हतं. खदीजा आली आणि खाटेच्या कडेला टेकली. तिचा बुरखा एका बाजूला सरकला होता, केस सुटले होते.

"अम्मी, हलते?"

"हलते."

"सिस्टर म्हणाली?"

"नाय."

"काचेतून बघितलंत?" अफीफाचा आवाज चिरकला. "काचेतून काय कळतं, अम्मी? नीट बघितलंत का?"

खदीजानं तिच्या कपाळावर हात ठेवला. त्या हाताला औषधी पाण्याचा वास होता. "दारावर लिवलंय, आत जायचं नाय. ती सिस्टर माझ्यावर वरडली पण," ती म्हणाली. "मी नुसती बघून नाय आले, हात लावून आले. लाथ मारलीन मला."